तुतीखालची मूठभर माती

त्या रोपवाटिकेत पिशव्या भरायच्या त्या बाईंनीच, असा अलिखित कायदा होता. पिशवी भरण्यात काय एवढं मोठं, असं नव्या माणसाला वाटायचं. माती, खत, वाळू घ्या, फावड्याने कालवा आणि ओता. पण बाईंनी भरलेल्या पिशवीत खोचलेली काडी मुकाट्याने फुटायची आणि दुसऱ्या कुणी भरलेल्या पिशवीत तीच काडी रुसून बसायची, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. त्यामुळे मालकापासून नळ्या ओढणाऱ्या गड्यापर्यंत सगळे म्हणायचे, बाईंच्या हाताला गुण आहे. बाई त्यावर "कसला गुण, चिखल आहे नुसता," असं म्हणून हात झटकायच्या. पण ऐकायला आवडायचं त्यांना. कुणाला आवडणार नाही?

खरं तर या कामावर त्या आल्या तेव्हा नाक मुरडूनच आल्या होत्या. लग्न झालं तेव्हा नवरा रोपवाटिकेचा ट्रक चालवायचा, आणि नवऱ्याची आत्या पिशव्या भरायची. बाईंना शिवणकाम शिकायचं होतं. खोलीत पंख्याखाली बसून मशीन चालवावं, बोटं स्वच्छ राहावीत, एवढीच माफक इच्छा. आतेसासूबाईंनी ती ऐकून घेतली आणि दुसऱ्या दिवशी हातात फावडं दिलं. त्यांच्यापुढे कुणाचं काही चालत नसे. बोलायच्या कमी आणि बघायच्या जास्त, आणि त्यांचं ते बघणं बोलण्याहून जड असायचं. नवी सून वर्षभर मनातल्या मनात कुढली, मग कधीतरी पहिल्यांदा स्वतः भरलेल्या पिशव्यांची रांग हिरवी झालेली पाहिली आणि मशीनबिशीन सगळं विसरली.

आतेसासूबाईंची एक खास रीत होती. आवाराच्या मागच्या बाजूला, पिशव्या भरायच्या शेडला लागूनच एक जुनं तुतीचं झाड होतं. तिथल्या सगळ्या तुतींच्या काड्या पिढ्यान् पिढ्या याच झाडावरून घेतलेल्या. प्रत्येक नव्या पिशवीत या झाडाखालची मूठभर माती घालायची. दुधाला जसं चमचाभर जुनं दही लावतात, तसं. त्या मातीला म्हणायचेही विरजण. "नव्या मातीला काही कळत नसतं," आतेसासूबाई म्हणायच्या. "तिला जुनी माती शिकवते." आणि या रीतीला जोडून दुसरी एक होती. त्या झाडाखाली काहीही टाकायचं नाही. कचरा नाही, अवजारं धुतलेलं पाणी नाही, वाळलेलं रोप तर नाहीच नाही. एकदा एका गड्याने तिथे बूट झाडले, तेव्हा आतेसासूबाईंनी हातातलं घमेलं त्याच्या दिशेने भिरकावलं होतं. घमेल्याला पोचा आला. गडी वाचला.

रोपवाटिकेचं नाव होतं ते झुकत्या तुतीमुळे. सरळसोट खोड, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर कलम, आणि तिथून छत्रीसारख्या चहूबाजूंनी खाली लोंबणाऱ्या फांद्या. बागांच्या फाटकापाशी, हॉटेलांच्या दारात, दवाखान्यांच्या अंगणात लोक ही झाडं हौसेने लावायचे. खालचा सोट, ज्याला खुंट म्हणतात, तो वाढवायचा बाईंनी. वर झुकत्या जातीचं कलम बांधायचं भाऊजींनी. हे भाऊजी म्हणजे बाईंच्या नवऱ्याचे जुने मित्र. बाकी सगळे त्यांना कलमवाले म्हणायचे. उंच, किडकिडीत, खिशात कायम घडीचा चाकू, आणि स्वभावाने इतके काटेकोर की चहाचा कप ठेवतानासुद्धा त्याचा कान कुठल्या बाजूला आहे ते बघणार.

दोघांची थट्टा रोजची होती.

"वहिनी, तुमचा खुंट म्हणजे अगदी ढ," भाऊजी कलम बांधता बांधता म्हणायचे. "अक्कल मला वरून घालावी लागते."

"अकलेला उभं राहायला पाय लागतात, भाऊजी," बाई खालून म्हणायच्या.

विरजणाचीही ते टर उडवायचे. स्वतःच्या हौसेच्या रोपांना त्यांनी कधी ती माती घेतली नाही. बाई देऊ करायच्या, तर म्हणायचे, "नको, मला दही लावायचं नाहीये, झाड लावायचंय." बाईंना राग यायचा, पण तो तोंडदेखला. नवरा गुडघ्यांनी अधू होऊन ट्रक सोडून घरी बसला, त्या वर्षात सगळ्यात आधी दारात आलेला माणूस भाऊजी होते. तेव्हापासून दर सुट्टीला ते यायचे आणि दोघे मित्र पत्ते खेळत एकमेकांवर खोटारडेपणाचे आरोप करत बसायचे.

आतेसासूबाई गेल्या. त्यांच्या मागे मूठभर मातीची रीत बाईंनी जिवापाड सांभाळली. दुसरी मात्र हळूहळू सुटली, आणि सुटली तीही बाईंच्याच हातून. त्याचं असं झालं, की न फुटलेल्या, वाळलेल्या रोपांच्या पिशव्यांची माती ओतायला आवाराबाहेरच्या खड्ड्यापर्यंत जावं लागायचं. एकदा हातगाडीचं चाक निखळलं. कंबर दुखत होती. तुती शेडच्या मागेच होती. बाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि चार पिशव्या तिच्या बुंध्याशी रित्या केल्या. मातीत मातीच तर गेली, त्यात काय बिघडलं, असं स्वतःला समजावलं. चाक दुरुस्त झालं तरी मग खड्ड्यापर्यंत जायचं जिवावर यायला लागलं. वाळलेलं रोप आलं की माती तुतीखाली. जवळ पडायचं, आणि कुणी बघत नव्हतं.

तुतीची पानं पुढे बारीक होत गेली. ऊन चढलं की माना टाकायची आणि संध्याकाळी पुन्हा सावरायची. बाईंना दिसत होतं. "वय झालं तिचं," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "माझं नाही का झालं? मीही दुपारी मान टाकतेच की." नवरा हसला. विषय तिथेच संपला.

आणि मग एके दिवशी सकाळी एक ट्रक आवारात उभा राहिला. एका मोठ्या बागेला दिलेल्या आणि तिथे पिशव्यांसकटच वाफ्यांत रोवलेल्या झुकत्या तुती परत आल्या होत्या. बागेचा मुकादम रागाने लालबुंद. त्याने झाडं खाली उतरवली आणि एकेक करून जमिनीवर आडवी केली. पानं पिवळी, फांद्या मेलेल्या. पाणी घातलं तरी दुपारी कोमेजतात, खत घातलं तरी वाढत नाहीत, शेजारची फुलझाडंही आता तशीच व्हायला लागली, असं त्याचं म्हणणं. मालकांनी माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेतल्या मॅडमना फोन केला. त्या दुपारीच आल्या. वयाने लहान, पण कामात पक्क्या. एक पिशवी फाडली, मूळ नळाखाली धरलं, आणि माती वाहून गेल्यावर सगळ्यांना दाखवलं.

मुळांवर गाठीच गाठी. बारीक, जाड, एकमेकींना चिकटलेल्या. मण्यांची माळ कुणीतरी मुळाच्या आतून ओवावी तशा.

"सूत्रकृमी," मॅडम म्हणाल्या. "मातीतले किडे. डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक. मुळाच्या आत शिरतात, मग मूळ असं सुजतं आणि झाडाला पाणी वर ओढता येत नाही. आपण म्हणतो ऊन लागलं." त्यांनी नखाने एक गाठ खरवडली. "ही सुटून येत नाही बघा. मुळाचाच भाग झालेली असते. एकदा आलं की जाता जात नाही. मातीतून पसरतं, बुटाला लागून, अवजाराला लागून, वाहत्या पाण्यातून. तुती, जास्वंद, अंजीर, कशालाही लागतं." मग त्यांनी सरळ प्रश्न विचारला. "बाहेरून काही आणलं होतं का? रोपं, माती?"

भाऊजी पुढे झाले.

"मी आणले होते," ते म्हणाले. "मागच्या हंगामात खुंट कमी पडले, तेव्हा ओळखीच्या एका माणसाकडून आणले. मुळं धुऊन घ्यायला हवी होती. घाईत धुतली नाहीत."

मॅडमनी मान डोलावली. मालकांनी कपाळाला हात लावला. बागेचा मुकादम भाऊजींकडे असा बघायला लागला, की जणू त्यांनी खिशातून किडे काढून एकेका झाडाला वाटले होते.

बाईंची नजर मात्र जमिनीवरच्या पिशव्यांवर होती. जाड काळ्या पिशव्या, काठाला लाल रेघ. त्या पिशव्या आता मिळतच नव्हत्या. बाईंनी त्यातली शेवटची भरली तेव्हा भाऊजींचे बाहेरचे खुंट यायचे होते, नंतरचे सगळे पातळ हिरव्या पिशव्यांत गेले. म्हणजे परत आलेली ही झाडं घरचीच होती. घरची काडी, घरची माती. यांचा बाहेरच्या खुंटांशी काडीचाही संबंध नव्हता, आणि ही गोष्ट त्या सबंध आवारात एकाच माणसाला ठाऊक होती.

शब्द बाईंच्या ओठांपर्यंत आले. आत्ता बोलायचं, एवढंच म्हणायचं, अहो थांबा, या पिशव्या त्याच्या आधीच्या आहेत. मालक भाऊजींना म्हणत होते, "तुम्ही थोडे दिवस घरीच थांबा. पुढचं बघू मग." भाऊजींनी खिशातला चाकू काढला, शेडमधल्या पेटीत ठेवला. आणि बाई मॅडमना म्हणाल्या, "पाणी आणू का प्यायला?"

हे आपण का बोललो, हे त्यांना पुढे कितीदा तरी आठवलं आणि प्रत्येक वेळी कानशिलं तापली.

सगळे पांगल्यावर त्या खुरपं घेऊन तुतीपाशी गेल्या. बुंध्याशी उकरलं. जुन्या झाडाची मुळं जाड असतात, पण कडेची तंतुमुळं हाताला लागली. ती ओढून काढली, बोटांनी माती पुसली. पुसायचीही गरज नव्हती. बोटांखाली गाठी आधीच लागल्या होत्या. कुठल्यातरी वाळलेल्या रोपाबरोबर रोग आला असेल. बाईंनी त्याची माती खड्ड्यात न नेता इथे आणून ओतली. झाडाने ती घेतली, किडा पोसला, आणि मग बाईंनीच इथली माती मुठीमुठीने प्रत्येक पिशवीत घातली. एकही पिशवी विसरल्या नव्हत्या. विसराळूपणा असता तर निदान काही झाडं तरी वाचली असती.

त्यांनी मुळं परत मातीत दाबली, वरून पाय फिरवला आणि घरी गेल्या.

घरी नवरा बातमी ऐकून हबकला. "तो? तो मुळं न धुता लावेल? अगं, तो भाजी धुतलेलं पाणीसुद्धा गाळून घेतो."

"घाई झाली म्हणे," बाई म्हणाल्या. पाठ फिरवून चुलीवरचं काहीतरी ढवळत होत्या. ढवळण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"मी जाऊन येतो त्याच्याकडे."

"आत्ता नको. लाज वाटेल त्यांना. जरा दिवस जाऊ देत."

नवऱ्याला ते पटलं. बायकोला माणसांचं मन कळतं, असा त्याचा जुना समज. बाई मात्र त्या वाक्याने स्वतःच्याच नजरेतून उतरल्या. त्यांनी मित्राला मित्राकडे जाऊ दिलं नव्हतं, आणि तेही मायेचा आव आणून.

मग रोज सकाळी उठताना त्या ठरवायच्या, आज मालकांना सांगायचं. रोज काहीतरी आड यायचं. मालक फोनवर असायचे, मालक रागात असायचे, मालक नसायचेच, आणि नसले की बाईंना हायसं वाटायचं. खरी अडचण मालक नव्हतेच. खरी अडचण ही, की आयुष्यभर एकच गोष्ट त्यांच्या नावावर होती. शिक्षण नाही, मशीन नाही, मूलबाळ झालं नाही. हाताला गुण, एवढं होतं. तोच हात सगळ्या आवाराला रोग वाटत होता, हे तोंडाने म्हणायचं म्हणजे उरलेलं सगळंच जाणार. भाऊजींचं काय, त्यांना मालक आज ना उद्या परत बोलावतीलच, त्यांच्यासारखा कलम बांधणारा मिळायचा कुठे, अशी मनाची समजूत घालायच्या आणि रात्र कशीबशी काढायच्या. मन काही पूर्ण गप्प बसायचं नाही.

नळ्या ओढणारा गडी एकदा जेवणाच्या सुट्टीत म्हणाला, "कलमवाल्यांनी बुडवलं आपल्याला." बाईंनी मान हलवली. हो म्हणायला नव्हे, घास गिळायला, असं त्या नंतर स्वतःला सांगत राहिल्या. पण गड्याला ते हो वाटलं, आणि त्यांनी ते वाटू दिलं.

झाडं जाळायचा दिवस आला. मॅडमनी सांगितलं होतं, काही ठेवायचं नाही. रांगाच्या रांगा उचलून मोकळ्या जागेत नेल्या. भाऊजींनी बांधलेली कलमं, एकेक गाठ मापात, पट्टीचं टोक प्रत्येक ठिकाणी एकाच बाजूला वळवलेलं. धूर डोळ्यांत गेला म्हणून बाई रडताहेत असं सगळ्यांना वाटलं. मालक स्वतः जवळ आले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बाई, तुमची सगळी मेहनत कलमवाल्यांपायी वाया गेली."

ते सांत्वन बाईंना चटका लावून गेलं. शिव्या दिल्या असत्या तर त्या उभ्या राहिल्या असत्या. पण भाऊजींच्या वाट्याची सहानुभूती आपण उभ्याउभ्या खाल्ली, हे त्यांना पचेना. दुसऱ्या दिवशी मालकांनी कचेरीचं दार उघडलं तेव्हा बाई पायरीवर बसलेल्या होत्या.

त्यांनी सगळं सांगितलं. लाल रेघेच्या पिशव्या, तुतीखाली ओतलेली माती, मुठी, मुळं. मालक आधी हसले, त्यांना वाटलं बाई कलमवाल्यांना वाचवायला अंगावर घेताहेत. मग बाईंनी येताना तुतीखालून पुन्हा उकरून हातरुमालात आणलेलं मूळ टेबलावर ठेवलं. मालकांचं हसू गेलं.

ते खुर्चीतून उठले. मग दार लोटून घेतलं.

"हे बघा," ते खालच्या आवाजात म्हणाले. "झालं ते झालं. तुतीचं झाड आज काढून टाकू. पण बाहेर बोलू नका. लोक आपल्याकडे येतात ते बाईंची पिशवी म्हणून. ते गेलं तर काय राहिलं? कलमवाल्यांना महिन्याभराने बोलावून घेतो. तेही खूश, आपणही. कोणाला काही कळायचं कारण नाही."

बाईंना जे हवं होतं, तेच समोर ताटात वाढून आलं होतं. आपला मान आपल्याकडे, भाऊजींची नोकरी भाऊजींकडे. क्षणभर हात पुढे गेलाच म्हणायचा. मग त्या म्हणाल्या, "महिनाभर ते काय समजून घरी बसतील?"

"समजतील काय, चूक झाली त्यांची."

"झाली नाही ना, पण."

मालकांनी टेबलावरचं मूळ रुमालासकट बाजूला सारलं.

"मी आत्ता त्यांच्याकडे जाते," बाई म्हणाल्या. "मग तुम्ही मला ठेवा नाहीतर काढा."

मालकांनी दोन्ही हात वर केले. "जा. उद्यापासून या म्हणावं त्यांना. तुमचं काय करायचं ते मी ठरवतो."

कचेरीबाहेर पडल्या तेव्हा बाईंचं अंग हलकं झालं होतं. इतके दिवस छातीवर बसलेला धोंडा उतरला. रस्त्याने चालताना त्यांना चक्क भूक लागली. कोपऱ्यावरच्या दुकानातून त्यांनी भाऊजींच्या बायकोसाठी बिस्किटांचा पुडा घेतला. मनातल्या मनात संभाषणही रचून झालं. आपण सांगणार, भाऊजी आधी चिडणार, मग म्हणणार, बघा, मी म्हणत नव्हतो, दही लावायचं नाहीये मला. मग हसणार. कदाचित हसणार नाहीत, पण चहा तरी ठेवायला सांगतील. आपण खरं बोललो, मालकांचं आमिष नाकारून बोललो, याचा बाईंना थोडा अभिमानही वाटायला लागला होता. हे सांगायला नको, पण वाटायला लागला होता.

भाऊजींचं घर उतारावरच्या गल्लीत, सगळ्यात वरचं. खाली ओळीने शेजाऱ्यांची अंगणं. भाऊजींच्या अंगणात जास्वंद होती. खोड एक आणि फांदी फांदीला रंग वेगळा. लाल, पांढरी, पिवळी, नारिंगी, आणि एक असा फिकट जांभळा, जो भाऊजींनी कुठून मिळवला ते कुणाला सांगितलं नव्हतं. वर्षानुवर्षं एकेका रंगाच्या झाडाचा डोळा, म्हणजे कोंब, फांदीवर बसवून त्यांनी ते झाड उभं केलं होतं. गल्लीत नवा माणूस आला की थांबून बघायचाच.

बाईंनी फाटक ढकललं. अंगणात मोठा खड्डा होता. जास्वंद भिंतीला टेकवून आडवी ठेवली होती, मुळांसकट. फांद्यांवरची फुलं अजून होती, पण मलूल पडलेली.

भाऊजींची बायको दारात होती. "या," ती म्हणाली. "काल दिवसभर खणत होते. मी म्हटलं, राहू द्या. ऐकलं नाही. म्हणाले, मी तिथले बूट घालून रोज घरी येत होतो. पावसाचं पाणी इथून खाली सगळ्यांच्या बागेत जातं. माझ्यामुळे आणखी कुणाचं नको."

बिस्किटांचा पुडा बाईंच्या हातात तसाच राहिला.

भाऊजी मागच्या बाजूने आले. हातात कुदळ, बोटांना पट्ट्या. बाईंना बघून त्यांचा चेहरा उजळला. सगळ्या आवारातून त्यांना भेटायला आलेलं पहिलं माणूस बाई होत्या.

"वहिनी," ते म्हणाले. "बसा ना."

बाई बसल्या नाहीत. बसल्या असत्या तर बोलताच आलं नसतं. वाटेत रचलेलं सगळं विसरून त्यांनी जसं आलं तसं सांगितलं. रोग तुमच्या खुंटांनी आणला नाही. माझ्या मुठीतून गेला. तुतीखाली मी माती ओतत होते. मालकांना सांगितलंय, त्यांनी उद्यापासून बोलावलंय तुम्हाला.

भाऊजी ऐकत होते. कुदळ त्यांनी हळूच भिंतीला लावली, घसरू नये म्हणून नीट तिरकी करून.

"तुम्हाला कधी कळलं?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलायची ही शेवटची संधी होती. आजच कळलं, म्हटलं असतं तर भाऊजींनी विश्वास ठेवला असता.

"ट्रक आला त्याच दिवशी," बाई म्हणाल्या. "पिशव्या बघितल्या तेव्हाच."

भाऊजींनी झाडाकडे पाहिलं. मग बाईंकडे. आवाज चढला नाही, उलट नेहमीपेक्षा हळू झाला.

"काल सकाळपर्यंत उभं होतं," ते म्हणाले.

बाईंना वाटलं होतं, सांगितलं की संपेल. मालकांपुढे नोकरी पणाला लावली, म्हणजे फिटलं. आता कळलं की काल सकाळी पायरीवर बसायला हवं होतं. काल त्या जळणाऱ्या झाडांपाशी उभ्या होत्या आणि मालकांकडून सांत्वन करून घेत होत्या. त्याच वेळी इथे हा माणूस, न केलेल्या गुन्ह्यासाठी, कुदळ चालवत होता.

"परत लावूया," बाई म्हणाल्या. "मी खड्डा भरते. चांगली माती आणते..." आणि माती हा शब्द तोंडातून निघताच थांबल्या.

"मुळं तुटली सगळी," भाऊजी म्हणाले. "एवढं मोठं झाड आता धरत नाही. तुम्हाला माहीत आहे." या वेळी वहिनी अशी हाक मारली नाही. मग ते आत गेले. बायकोही त्यांच्या मागे गेली.

बाईंना जायला हवं होतं, पण पाय निघेना. अंगणात नळ होता, खाली बादली. त्यांनी बादली भरली, झाडापाशी ओढत नेली, आणि खाली बसून मुळं पाण्यात धरली. उरलीसुरली माती सुटली. मुळं पांढरी होती, सरळ, शेवटच्या केसापर्यंत गुळगुळीत. बाईंनी एकेक तंतू बोटांतून ओढायला सुरुवात केली. आयुष्यभर मातीत वावरलेली बोटं, अंधारातही त्यांना गाठ कळली असती. त्या मन लावून शोधत होत्या आणि मनात एकच होतं, एक गाठ सापडू दे. एकच. मग हे झाड जाणारच होतं, मग त्यांनी ते काढलं ते बरोबर केलं, मग माझ्या गप्प बसण्याने काही गेलं नाही. आपण एका निरोगी झाडाला रोग निघावा म्हणून धडपडतोय, हे कळत होतं त्यांना. लाज वाटत होती. तरी हात थांबत नव्हते.

केव्हातरी भाऊजी दारात येऊन उभे राहिले. किती वेळ बघत होते कोण जाणे.

"सापडली?" त्यांनी विचारलं.

बाईंनी वर न बघता मान हलवली. "नाही."

"मलाही नाही," भाऊजी म्हणाले. "कालपासून शोधतोय."

ते पायऱ्या उतरून आले, बादलीच्या पलीकडे उकिडवे बसले, आणि बाईंनी न पाहिलेल्या बाजूची मुळं त्यांनी हातात घेतली.